टपाल येतं, जात नाही

आखाजी होऊन दोन दिवस झाले होते. दुकानात सांजोऱ्यांचा डबा उघडला न उघडला तोच नानांचा फोन.

"भाऊ, टपाल येस, पन जास नही."

नाना म्हणजे आमच्या अमळनेरातले निवृत्त पोस्टमास्तर. ई-मेलला ते टपालच म्हणतात, आणि मीही दुरुस्त करायचं केव्हाच सोडून दिलंय. पेन्शनीत निघाल्यापासून जुन्या सहकाऱ्यांचे अर्ज लिहून देणं हा त्यांचा उद्योग. कुणाची पगारवाढ धरली नाही, कुणाच्या बायकोचं कुटुंब निवृत्तिवेतन अडकलंय, कुणाच्या नावात काना कमी पडलाय. अर्ज टंकून, सही केलेला कागद स्कॅन करून ते मेलनं धाडतात. त्यासाठी जावयानं कधीतरी एक डेस्कटॉप आणून दिला, त्यावर थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम बसवला, एका छोट्या होस्टिंगवाल्याकडून मेलचा पत्ता घेऊन दिला आणि तो बंगळूरला निघून गेला. तेव्हापासून त्या मशीनचा मी कुटुंबवैद्य.

संगणक आणि अमळनेर म्हटलं की आमच्याकडे कुणीतरी विप्रो काढतंच. १९४५ साली इथे वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झाली आणि पुढे कुठच्या कुठे गेली. मी मात्र इथेच आहे, स्टेशन रोडला, माउस आणि प्रिंटरची शाई विकत.

तर टपाल येतं, जात नाही. ही तक्रार ऐकली की मला बरं वाटतं, कारण निम्मं निदान तिच्यातच असतं. लोकांना वाटतं मेल एकाच नळीतून येतो-जातो. तसं नसतं. आलेला मेल आपलं मशीन सर्व्हरवर जाऊन उचलून आणतं, त्याचा दरवाजा वेगळा. पाठवायचा मेल दुसऱ्या दरवाजातून, दुसऱ्या नियमानं जातो. एक चालू आणि दुसरा बंद असं खुशाल होऊ शकतं. नानांनी पंधरा दिवसांपूर्वी टेलिफोनच्या तारेवरचं जुनं ब्रॉडबँड काढून केबलवाल्याचं फायबर घेतलं होतं. म्हणजे उरलेलं निदानही फोनवरच झालं.

संध्याकाळी गेलो. सेटिंग उघडलं तर जाणाऱ्या मेलचं पोर्ट, म्हणजे त्या दरवाजाचा नंबर, २५. टेलनेटनं, म्हणजे दार वाजवून बघायच्या साध्या प्रोग्रामनं, धडकून पाहिलं. २५ वर नुसता कर्सर लुकलुकत राहिला, ५८७ वर मारताच २२० नं सुरू होणारी ओळ समोरून आली. नव्या नेटवाल्यानं २५ बंद ठेवलं होतं. बरेच जण ठेवतात, कारण घरातल्या मशीनला व्हायरस लागला की ते याच दारानं जगभर स्पॅम ओततं.

नानांना हे समजावायला मला वेळ लागेल असं वाटलं होतं. १९८२ साली हा मेल पाठवायचा नियम ठरला तेव्हा सगळी मशीनं एकमेकांवर विश्वास ठेवायची, कुणीही २५ वर येऊन मेल टाकून जायचा. मग उपद्रव वाढला, आणि १९९८ साली माणसांनी मेल टाकण्यासाठी ५८७ हे वेगळं दार नेमलं, तिथे पासवर्ड दाखवायचा. २५ राहिलं सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवघेवीला. नाना चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे मी आजवर काउंटर सोडून रेल्वेच्या आरएमएस टपालाच्या थैल्यांच्या दारातून पत्र टाकत होतो." मी वीस वर्षं हे लोकांना सांगतोय, इतकं नेमकं मला कधी जमलं नाही.

पोर्ट ५८७ केलं. सुरक्षा नव्हतीच, ती लावली, म्हणजे मेल आता टीएलएसच्या बंद पाकिटातून जाणार. कोपऱ्यातली तारीख चुकलेली दिसली ती सवयीनं नीट केली, पासवर्ड टाकला, माझ्याच पत्त्यावर एक मेल पाठवला. खिशात मोबाइल वाजला. येणाऱ्या मेलला हात लावला नाही, चालतंय ते छेडू नये. काकूंनी पन्हं दिलं. दीडशे रुपये घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पुन्हा फोन. "तू कालदिन काय करी गया?"

आता वेगळीच चूक येत होती. नानांना संगणकाचं इंग्रजी कळो न कळो, पडद्यावर जे येईल ते वहीत उतरवून घ्यायची त्यांना शिस्त. ती वही त्यांनी फोनवर अक्षर अक्षर वाचून दाखवली. सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, अजून वैध नाही, असं काहीसं होतं, आणि खाली एक बटण, कन्फर्म सिक्युरिटी एक्सेप्शन. मी डोळे चोळत होतो. म्हटलं, नाना, दाबा कन्फर्म, जाईल मेल.

"कशाची खात्री करायची? मला खात्री नाही. मी नाही दाबत."

रागच आला. होस्टिंगवाल्याचं सर्टिफिकेट संपलं असणार, ते काय आपल्या हातात आहे! पण ते 'संपलं' नव्हतं, 'अजून सुरू झालं नाही' होतं. नानांनी शब्दन् शब्द वाचला होता, मी ऐकला नव्हता. हे कळलं तेव्हा मी गाडीवर होतो, बोरीच्या पुलावर, आणि सकाळी साडेनवालाच ऊन असं की हँडल धरवत नव्हतं.

पोचलो तर लाईट गेलेली. काकू ओसरीवर पंख्याची वाट बघत बसलेल्या. नाना मात्र अस्वस्थ. त्यांच्या हाताखाली खेड्यावर टपाल वाटणारा एक माणूस गेल्या दिवाळीत वारला होता. त्याच्या बायकोचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज त्यांनी होळीनंतर दोनदा मेलनं पाठवला होता, आणि त्या कार्यालयातून दोन्ही वेळा फोनवर एकच उत्तर आलं होतं: मेल मिळाला नाही. ती बाई दर सोमवारी ओसरीवर येऊन बसते. "आते तिले काय सांगू?" नाना म्हणाले.

मी मान हलवली खरी, पण मनात हिशेब जुळत नव्हता. फायबर पंधरा दिवसांपूर्वी आलं. होळीनंतर जुनंच नेट होतं, पोर्ट २५ उघडं होतं. मग तेव्हाचे मेल का गेले नाहीत?

"गेले नाहीत हे तुम्हाला कसं कळलं?"

"स्थळप्रत आली नाही ना."

नाना प्रत्येक मेलची एक प्रत स्वतःलाच पाठवतात. दप्तराला स्थळप्रत नको का! ती इनबॉक्समध्ये आली तर टपाल गेलं, नाही आली तर नाही गेलं. पावतीची याहून साधी सोय मलाही सुचली नसती.

लाईट आली. नानांनी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण चालू केलं, मग मशीनचं. पडदा काळा, त्यावर दोन पांढऱ्या ओळी, आणि नानांनी न बघताच एफ-वन दाबलं. कुलूप उघडताना हात कडीवर जातो तसं.

"थांबा. हे काय होतं?"

"रोज सकाळी विचारतं. एफ-वन दाबलं की पुढे जातं."

"कधीपासून?"

"होळीपासून असंल."

खाली उजव्या कोपऱ्यात १ जानेवारी २०१०. काल संध्याकाळी मी हीच तारीख पाहिली होती. मदरबोर्डचा सेल गेला असणार, पुढच्या फेरीला टाकू, असं मनात येऊनही गेलं होतं. मेलशी त्याचा संबंध मी जोडलाच नाही, आणि त्याला कारणही मीच. जुन्या उघड्या दारावर तारीख कुणी विचारत नव्हतं. मी बंद पाकीट लावलं, आणि पाकीट लावलं की मशीन आधी सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासतं: कधीपासून, कधीपर्यंत. २०१० मध्ये बसलेल्या मशीनला यंदाचं सर्टिफिकेट भविष्यातलं वाटणारच. माझी दुरुस्ती बरोबर होती, तिनंच नवा बिघाड आणला.

नाना रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करतात. वीज तुटली की मशीनचं घड्याळ त्या सेलवर जगतं, आणि सेल मेलेला. विंडोज नेटवरून वेळ जुळवून का घेत नाही, असं मला पुष्कळ जण विचारतात. घेतं, पण फरक पंधरा तासांच्या आत असेल तर. पंधरा वर्षांहून जास्त फरक पाहिला की ते आपणहून हात लावत नाही.

कॅबिनेट उघडलं. पाल निघाली नाही एवढंच नशीब, बाकी धूळ विहिरीतून उपसल्यासारखी. रुपयासारखा दिसणारा सीआर २०३२ सेल काढून मीटर लावला. तीन व्होल्ट हवेत, दीडच्या वर काटा जाईना.

"हा सेल गेला, म्हणून तारीख मागे पडत होती," मी म्हटलं.

नाना सेल तळहातावर घेऊन बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे शिक्कानी तारीखच बदलेल नही." पोस्ट उघडलं की पहिलं काम कुठलं, तर शिक्क्यातले तारखेचे खिळे बदलायचे आणि वहीत ठसा घेऊन ठेवायचा. मगच पहिलं पत्र. उभी नोकरी त्यांनी यात चूक होऊ दिली नव्हती, आणि घरात दोन महिने रोज सकाळी मशीन तेच विचारत होतं. ते एवढे खट्टू झाले की काकूंनी बाहेरून विचारलं, "काय व्हयनं?"

मी नवा सेल बसवत होतो. नानांनी तेव्हा विचारलेला प्रश्न मला सुचायला हवा होता.

"मग होळीपासून गेलेल्या टपालावर कोणती तारीख पडली?"

मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. मशीन चालू केलं, तारीख नीट लावली, थंडरबर्ड उघडलं. इनबॉक्सपुढे न वाचलेल्या मेलांचा आकडा होता १४, ठळक अक्षरात. काल तोही मी पाहिला होता. जाहिराती असतील म्हणून सोडला. नानांचा इनबॉक्स तारखेनं लावलेला, ताजा मेल सर्वांत वर. मी पट्टी धरून थेट तळाशी गेलो.

चौदा स्थळप्रती. ओळीनं. सगळ्या १ जानेवारी २०१०.

मेलवरची तारीख सर्व्हर घालत नाही, पाठवणाऱ्याचं मशीन घालतं, पत्राच्या कोपऱ्यात आपण लिहितो तशी. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली वेळ वेगळी नोंदवतो. कंट्रोल-यू दाबून नानांना मेलचं पोट उघडून दाखवलं: रिसीव्हड म्हणून सुरू होणाऱ्या ओळींत मार्चची खरी तारीख, आणि खाली डेट समोर २०१०. नाना वाकून वाचत होते. "शिक्के बरोबर आहेत," ते म्हणाले, "लिहिणाराच चुकला." मी यादीत रिसीव्हडचा कॉलम घेऊन त्यावर क्लिक केलं, तशा त्या चौदाच्या चौदा वर आल्या.

म्हणजे फायबर येईपर्यंतचं टपाल गेलं होतं. कार्यालयातल्या माणसाचाही इनबॉक्स असाच लावलेला असेल, तर अर्ज त्याच्याही तळाशी.

नानांनी लगेच फोन लावला, स्पीकरवर. पलीकडचे साहेब कंटाळलेल्या आवाजात, मेल नाही आलेला. नाना म्हणाले, कृपा करून सर्वांत जुना मेल बघा. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग ते म्हणाले, "आहे. दोन आहेत. पण काका, तुम्ही २०१० साली अर्ज केलाय, आणि यात लिहिलंय ते गेल्या दिवाळीत वारले. माणूस जिवंत असताना बायकोचा अर्ज कसा घेऊ?"

मी हसलो. नाना हसले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की कागदावरची, सहीखालची तारीख बघा, ती हातानं लिहिलेली आहे. ती बरोबर होती. तरीही साहेबांनी मेल पुन्हा पाठवायला सांगितलं, आवक नोंदीत घालायला अडचण नको म्हणून. आम्ही पाठवला. तो ५८७ मधून, बंद पाकिटातून, त्या दिवसाच्या तारखेनं गेला. पाच मिनिटांत स्थळप्रत इनबॉक्सच्या माथ्यावर आली आणि नानांनी वहीत नोंद केली.

जाण्याआधी येणाऱ्या मेलचं पोर्टही ११० वरून ९९५ केलं, तोही मार्ग बंद पाकिटाचा. खरं तर आदल्या दिवशीच करायला हवं होतं. केलं असतं तर सकाळी टपाल येणंही थांबलं असतं आणि घड्याळाकडे माझं लक्ष लवकर गेलं असतं. सेलचे चाळीस रुपये घेतले. फेरीचे घेतले नाहीत, काकूंनी जेवू घातलं. कळण्याची भाकरी आणि ठेचा, त्या उन्हात.

उरलेल्या बारा जणांना नाना पुढचा आठवडाभर एकेक करून फोन करत होते. त्या बाईचं पेन्शन श्रावणात सुरू झालं. गल्लीतल्या दिव्यांबद्दल केलेल्या तीन तक्रारींचं मात्र अजून उत्तर नाही, त्या बहुतेक तिकडे २०१० मध्येच पडून आहेत.