मेसची वही

गेल्या मे महिन्यात कर्वेनगरातली माझी मेस बंद झाली. सहा वर्षं चालवली होती. दुसरा गाळा घेतला आणि तिथेच गणित बिघडलं. परीक्षा संपल्या की हॉस्टेलं रिकामी होतात, साठ डब्यांचे पंधरा होतात, भाडं मात्र दोन्ही गाळ्यांचं पाच तारखेला द्यावंच लागतं.

नंतर दोन महिने मी चर्चमध्ये उपासनेला गेले नाही. कोणी विचारलं तर ‘प्रभूची इच्छा’ म्हणायचे. मनाशी पंडिता रमाबाईंचा दाखला द्यायचे. त्यांचं विधवांसाठीचं शारदा सदन १८९० साली मुंबईहून पुण्याला आलं, १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादातून कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या, तरी पुढे केडगावला त्यांचं मुक्ती मिशन उभं राहिलंच ना!

एका संध्याकाळी आमच्या पाळकबाई घरी आल्या. म्हणाल्या, “प्रार्थना करूच, आधी मेसची वही आण.” पानावर त्यांनी तीन रकाने आखले: हातात नव्हतं, चुकलं, पाप. व्यावसायिक सिलिंडरचे वाढलेले दर पहिल्यात गेले. दुसरा गाळा दुसऱ्यात. तिसरा रकाना बराच वेळ कोरा राहिला. मग मी लिहिलं: पोळ्या करणाऱ्या मावशींचा दोन महिन्यांचा पगार, अठरा हजार. तो मी नव्या गाळ्याच्या डिपॉझिटमध्ये घातला होता आणि मावशींना नुसतं “देते, देते” म्हणत राहिले होते.

रमाबाईंचा दाखला तिथेच गळून पडला. त्यांनी सोसलं ते श्रद्धेपायी. मी एका बाईच्या घामाचे पैसे अडकवले होते आणि त्याला धंद्यातलं अपयश म्हणत होते. धंदा बुडणं पाप नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणाने पटलं, कारण पाप कुठलं ते वेगळं दिसलं.

त्या रात्री बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान उघडलं. त्यात कोळशांचा विस्तव दोनदा येतो. एक प्रमुख याजकाच्या अंगणात, जिथे शेकत उभ्या असलेल्या पेत्राने, येशूच्या शिष्याने, प्रभूला तीनदा नाकारलं. दुसरा, पुनरुत्थानानंतर, सरोवराच्या काठी. पेत्र आणि सोबत्यांच्या हाती रात्रभर जाळी टाकून आधी काहीच लागलं नव्हतं, आणि किनाऱ्यावर प्रभूने विस्तवावर मासळी ठेवलेली, जवळ भाकर. आधी खाऊ घातलं, मग तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस काय? तिसऱ्यांदा विचारलं म्हणून पेत्राला वाईट वाटलं, तरी प्रभूने विचारलंच. आणि प्रत्येक वेळी मेंढरं त्याच्याच हाती सोपवली. मला यातला धीर त्या तिसऱ्या प्रश्नातच सापडतो. जिथे मोडलं तिथेच प्रभू हात ठेवतो.

आता मी एका कँटीनचं स्वयंपाकघर सांभाळते. पहिल्या पगारातले तीन हजार घेऊन वारज्याला मावशींच्या घरी गेले. “मावशी, माझं चुकलं,” एवढंच बोलता आलं. दारातच उभं राहून त्यांनी नोटा मोजल्या. आत या म्हणाल्या नाहीत. “बाकीचे कधी, ताई?” मी दर महिन्याची पाच तारीख सांगितली. त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेनाने पाच गोल केले.

अजून तीन गोल बाकी आहेत.