‘ही नगा घेऊ’

दिवाळीच्या आधीच्या रविवारी कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर आपण चालत नाही, गर्दी नेईल तिकडं जातो. अशा वेळी दुकानदारानं गोड बोलावं ही अपेक्षा ठेवणारा बहुधा बाहेरगावचा असतो. कोल्हापुरात ‘काय पायजे?’ जरा खणखणीतच येतं. ‘बघा की, पैसं कुठं मागायलोय’ हे वाक्य भांडणाचं वाटलं तरी ते आग्रहाचं असतं. म्हणून इथल्या दुकानाची पारख आवाजाच्या पट्टीवरून करू नये. पैसे घ्यायच्या आधी दुकानदार काय सांगतो आणि चार दिवसांनी पिशवी घेऊन परत गेल्यावर काय सांगतो, एवढं पाहावं.

चप्पल लाईनमध्ये हे लगेच कळतं. अस्सल कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, शिवण कातडी वादीची. नवी जोडी ताठ असते, अंगठ्याला आणि पट्ट्याखाली चावते आणि वापरता वापरता सैलावते. त्यामुळं पहिल्या दिवशीच पायात ऐसपैस बसणारी चप्पल पुढं टाचेतून सुटायला लागते. जाणकार माणूस ती जोडी आपल्या हातातून काढून घेतो, ‘ही नगा घेऊ, सैल पडंल’ म्हणतो आणि जरा घट्ट बसणारी पुढं करतो. पट्ट्याला आतून तेलाचं बोट फिरवा, सुरुवातीला घरातच तासभर घाला, भिजवू नका, भिजलीच तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवा, नाहीतर कातडं कडक होऊन तडकतं, हेही न विचारता सांगतो. दुसरा दुकानदार कुठल्याही मापाला ‘हुतंय की सवयीनं’ एवढंच म्हणतो. पंचाईत अशी की ते अर्धं खरं असतं.

कापडाच्या दुकानात कसोटी मोजण्यावर. मीटरपट्टीवर कापड ताणून धरलं की प्रत्येक मीटरमागं थोडं थोडं निसटतं आणि शिंपी म्हणतो, बाही बसत नाही. कापड सैल ठेवून मोजणारा, वर चार बोटं सोडून कात्री लावणारा आणि ‘सुती हाय, शिवायच्या आधी भिजवून घ्या’ असं बजावणारा विक्रेता भेटला तर दुकान लक्षात ठेवावं. साडीला फॉल-पिको करून देतो म्हणणारे पुष्कळ, पण तारीख पावतीवर लिहून देणारे थोडे. दिवाळीच्या तोंडावर पिकोवाल्याकडं गठ्ठे साचतात, तोंडी ‘उद्या’ला काही किंमत नसते.

गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, मात्र विश्वासाबरोबर कागदही हवाच. कोल्हापुरी साजासारख्या गळ्यातल्या दागिन्यात सोन्याच्या पोकळ पानांत लाख भरलेली असते. काट्यावर सगळं मिळून वजन दिसतं, भाव मात्र सोन्याचाच लावायचा असतो. चांगला सराफ एकूण वजन, लाख-खडे वगळून निव्वळ वजन, घडणावळ आणि हॉलमार्कचं शुल्क असे वेगवेगळे रकाने लिहितो. शिवाय पुढं दागिना मोडायला आणला तर घट किती धरणार, ते आजच सांगतो. 22 कॅरेटवर 916 (म्हणजे 91.6 टक्के सोनं) असतं आणि सोबत अक्षरं-अंक मिळून सहा चिन्हांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, जो 1 एप्रिल 2023 पासून सक्तीचा झाला. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून तिथंच पाहता येतो. आपण मोबाईल काढल्यावर सराफाचा चेहरा उतरला तर दागिना ट्रेमध्ये ठेवून उठावं.

मिठाईचं एकच सांगायचं. रिकामा बॉक्स आधी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायला सांगा. काजूकतली 1,000 रुपये किलो आणि खोकं 80 ग्रॅमचं असेल, तर 80 रुपयांचा पुठ्ठा घरी येतो.

खरी परीक्षा असते बदलून घेताना. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी पाहून लोक गप्प बसतात. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. मुदत बिलावर छापलेली असते, नसेल तर 30 दिवस. बिल न देणंही त्याच यादीत येतं. दुकानदार ऐकतच नसेल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मात्र शिवण उसवली, रंग गेला, हा दोष झाला. वहिनींना रंग आवडला नाही, हा दोष नव्हे. तिथं बदलून देणं ही दुकानदाराची मर्जी, आणि मर्जीवर हक्क गाजवणाऱ्या गिऱ्हाइकाला कुणी खुर्ची देत नाही. म्हणून पैसे देण्याआधीच तीन गोष्टी विचाराव्यात: बदलून किती दिवसांत, फरकाचे पैसे रोख की पुढच्या खरेदीत वळते, आणि सवलतीच्या मालाला हेच लागू का. उत्तर बिलाच्या मागं लिहून घ्यावं. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या घाऊक बाजारात ही अपेक्षाच कमी ठेवावी, तिथला भाव परतीचा खर्च न धरता लावलेला असतो.

उर्मट वागणुकीचं मूळ पुष्कळदा साधं असतं. सणापुरती ठेवलेली पोरं असतात. कुठल्या फळीवर काय आहे ते त्यांना माहीत नसतं आणि बदलून द्यायचा अधिकारही नसतो, म्हणून ती ‘नाही होत’ म्हणून मोकळी होतात. त्यांच्याशी वाद घालून घसा कोरडा करण्यात अर्थ नाही. शिवाय चाळीस साड्या उलगडायला लावून ‘बघून येतो’ म्हणत उठणारे आपणच असतो. त्या सगळ्यांची घडी तेच पोरगं रात्री दहानंतर घालत बसतं.

बदलायला जायचं तर भाऊबीज उलटल्यावर, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जावं. टॅग आणि बिल बरोबर ठेवावं आणि थेट गल्ल्यावर बसलेल्या माणसालाच भेटावं. तो ‘आधी बसा, पाणी घ्या’ म्हणाला तर काम झालं समजा.