दोन बेटांचे दोन रुपये आणि २००८ सालची अडेल ओळ

सेशेल्सच्या एका रुपयाला मॉरिशसचे किती रुपये, याचा वर्षवार तक्ता करायचा होता. पहिली साठेक वर्षं अर्ध्या तासात उरकली. उरलेला सगळा वेळ खाल्ला २००८ या एका ओळीने, आणि तिचा राग अजून गेलेला नाही.

आधी सोपं ते सांगतो. सेशेल्स १९०३ मध्ये मॉरिशसपासून वेगळी वसाहत झाली, तरी तिथे मॉरिशसचाच रुपया चालायचा. स्वतःच्या नोटा आल्या १९१४ मध्ये. नंतर दोन्ही रुपये एक शिलिंग सहा पेन्सला, म्हणजे पौंडाला १३⅓ या दराने बांधलेले होते. आपल्या रुपयाचाही जून १९६६ च्या अवमूल्यनापर्यंत तोच भाव होता. १९६७ मध्ये पौंड घसरला, त्याच्याबरोबर ही दोन्ही बेटं घसरली, पण आपसातला दर एकास एकच राहिला. रकान्यात १ लिहायचा आणि खाली ओढायचा.

ओढताना १९७६ ला मात्र थांबा. ५ जानेवारी १९७६ ला मॉरिशसने पौंड सोडला आणि एसडीआर या नाणेनिधीच्या हिशेबी चलनाशी गाठ बांधली: एका एसडीआरला ७.७१३७५९ रुपये. त्या दिवशी दरात उडी दिसत नाही, कारण हा आकडाच पौंडाच्या तेव्हाच्या भावावरून काढलेला होता. सेशेल्स पौंडालाच धरून राहिलं आणि त्याच वर्षी पौंड कोसळला. ऑक्टोबरअखेर सेशेल्सचा रुपया मॉरिशसच्या ८० सेंटांच्या आसपास येतो. हे पाहून सूत्र चुकलं असं वाटतं, पण ते बरोबर असतं.

पुढच्या पायऱ्या स्वच्छ आहेत. ऑक्टोबर १९७९ मध्ये मॉरिशसने अवमूल्यन करून एसडीआरला १० रुपये केले. नोव्हेंबरमध्ये सेशेल्सही एसडीआरवर आलं, ८.३१९७ ने. म्हणजे सेशेल्सचा एक रुपया मॉरिशसचे १.२०. मार्च १९८१ मध्ये सेशेल्सने आपला रुपया वधारून ७.२३४५ केला, तेव्हा १.३८. सप्टेंबरमध्ये मॉरिशस १२ वर गेलं, तेव्हा १.६६. फेब्रुवारी १९८३ पासून मॉरिशसने चलनांची टोपली धरली, म्हणजे अनेक चलनांच्या भारित सरासरीशी रुपया बांधला, आणि तिच्यातली वजनं जाहीर केली नाहीत. तिथून पुढे डॉलरमार्गे भागाकाराशिवाय इलाज नाही: डॉलरला मॉरिशसचे किती रुपये, भागिले सेशेल्सचे किती.

आता ती ओळ. डॉलरचे वार्षिक सरासरी दर घेऊन भागाकार केला तर २००७ ला साधारण ४.७, २००८ ला ३.०, २००९ ला २.३५ आणि २०१० ला २.५५ येतात. आलेख उताराचा रस्ता असावा तसा सावकाश उतरतो आणि जरा वर येतो. प्रत्यक्षात तिथे कडा आहे. सेशेल्सकडे परकीय चलन उरलं नव्हतं, ऑक्टोबर २००८ मध्ये परदेशी रोख्यांचे हप्ते थकले, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला नाणेनिधीच्या कार्यक्रमाखाली रुपया मोकळा सोडला गेला. डॉलरला आठच्या घरात असलेला दर वर्षअखेरीस साडेसोळाच्या आसपास होता. वर्षअखेरचे आकडे भागले तर सेशेल्सचा रुपया मॉरिशसचे १.९ एवढाच भरतो. एकाच वर्षाला ३.० आणि १.९ ही दोन्ही उत्तरं बरोबर. वार्षिक सरासरी तळ २००९ मध्ये दाखवते, पण पडझड २००८ च्या शेवटच्या दोन महिन्यांतली आहे.

म्हणून मासिक आकडे हवेतच. एका कार्यालयाच्या सांख्यिकी विभागाकडे मागितले. अर्ज, मग तोच अर्ज त्यांच्या नमुन्यात, मग ‘प्रयोजन नमूद करावे’. पाच आठवड्यांनी जो कागद आला त्याच्या रकान्यावर नुसतं ‘दर’. महिन्याची सरासरी की महिनाअखेर? खरेदी की विक्री? विचारलं तर उत्तरादाखल तोच कागद पुन्हा! नोव्हेंबर २००८ ला याच फरकाने सगळं बिघडतं.

शेवटी कागदालाच बोलतं केलं. बारा महिन्यांची बेरीज भागिले १२ हा आकडा छापील वार्षिक सरासरीशी जुळला, तर रकाना सरासरीचा. डिसेंबरचा आकडा छापील वर्षअखेरशी जुळला, तर महिनाअखेरचा. दोन्हीशी न जुळता सगळीकडे सारखाच थोडा कमी-जास्त असेल, तर तो खरेदी किंवा विक्रीचा दर. दहा मिनिटांचं काम, आणि मी पत्रं लिहीत बसलो होतो. अर्ज करायचाच असेल तर ‘मासिक सरासरी, मध्यदर, एका अमेरिकन डॉलरला किती रुपये’ हे शब्द अर्जातच घाला; मध्यदर म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या मधोमधचा दर.

याच्या आधीची काही वर्षंही जपून वापरा. २००३ च्या सुमारास अधिकृत दर डॉलरला साडेपाचच्या आत होता, त्यामुळे सेशेल्सचा रुपया मॉरिशसच्या पाच रुपयांच्या वर दिसतो. पण त्या दराने बँकेत डॉलर मागेल त्याला मिळत नव्हता आणि रस्त्यावर तो बराच महाग होता. मी त्या वर्षांपुढे ‘अधिकृत’ असा शेरा ठेवला आहे. पर्यटकाच्या किंवा व्यापाऱ्याच्या खर्चाचा हिशेब या आकड्यावर करू नये.

एक राहिलंच, खरं तर हे आधी करायचं. भागाकार सुलटा आहे ना, हे १९८२ च्या ओळीवर तपासा. त्या वर्षभर दोन्ही रुपये एसडीआरला पक्के बांधलेले होते, म्हणून डॉलरमार्गेही १.६५९ च यायला हवा: १०.८७ भागिले ६.५५. तिथे ०.६०३ दिसला तर मॉरिशस खाली गेलंय आणि सेशेल्स वर.