मुलाखत एका दुपारची, सही सात महिन्यांची

मी अमेरिकेत, टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या सीमेवर, ब्रिस्टलजवळ राहते. इथल्या स्टेट स्ट्रीटच्या एका फुटपाथवर एक राज्य, समोरच्या फुटपाथवर दुसरं. याच रस्त्यावरच्या एका टोप्यांच्या कंपनीच्या इमारतीत १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी राल्फ पीअर यांनी डोंगरातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं रेकॉर्डिंग केलं. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स या कंट्री संगीतातल्या सुरुवातीच्या नावाजलेल्या गायकांच्या पहिल्या रेकॉर्ड तिथल्याच. ती पिढी गेली. पण १९४६ मध्ये इथल्या डब्ल्यूसीवायबी रेडिओवर ‘फार्म अँड फन टाइम’ हा दुपारचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात पोरवयात बँजो हे तारांचं वाद्य वाजवलेले एक आजोबा आमच्या गावात होते. कार्यक्रम थेट जायचा. वाजलेलं बहुतेक हवेतच विरलं, उरलं ते अशा माणसांच्या डोक्यात. म्हणून वाचनालयातर्फे मी त्यांची मुलाखत घेतली.

मुलाखत छान झाली. फक्त सुरुवातीला आठवणी सांगा म्हटलं तेव्हा ते गप्पच बसले. बँजो मांडीवर घेतला आणि बोटं फिरायला लागली, तसं स्टुडिओतल्या मायक्रोफोनसमोर कोण कुठे उभं राहायचं, सोलो वाजवणारा पुढे कसा सरकायचा, सगळं बाहेर आलं. तेव्हा वाद्य हातात द्या, मग प्रश्न विचारा.

खरा त्रास पुढे झाला. रेकॉर्डिंग ज्या संग्रहात ठेवायचं होतं, त्यांचं संमतिपत्र दोन पानांचं. त्यात एक ओळ होती : मुलाखतीचे सर्व हक्क कायमचे संग्रहाला. आजोबांनी भिंग लावून तेवढ्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘‘हे नाही.’’ मला वाटलं, समजावून सांगितलं की होईल. नाही झालं.

घरी येऊन वाचायला बसले तेव्हा त्यांचं कारण कळलं. पीअर यांनी त्या वेळी प्रत्येक गाण्याला पन्नास डॉलर रोख आणि थोडी रॉयल्टी दिली, पण गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क आपल्याकडे ठेवले. त्यांचा खरा धंदा तोच होता. पन्नास डॉलर त्या डोंगरात मोठी रक्कम होती, म्हणून सह्या झाल्या. आजोबा अशाच गोष्टी ऐकत वाढलेले. सावकाराचा कागद पुढे आला की माझे आजोबाही असेच थबकायचे, अंगठा शाईत बुडवायच्या आधी दोनदा वाचून घ्यायला लावायचे. त्यानंतर मला या बँजोवाल्या आजोबांचा राग येईना, त्या ओळीचा यायला लागला.

संग्रहाला विचारलं, ओळ बदलता येईल का? उत्तर आलं, हा ठरलेला नमुना आहे. पुन्हा लिहिलं. कायदा विभागाकडे पाठवलंय, म्हणाले. पुन्हा लिहिलं. सुट्ट्या लागल्या. दर आठवड्याला मी आजोबांना फोन करायचे, प्रत्येक वेळी आवाज थोडा आणखी बारीक वाटायचा. नव्वदीच्या घरातला माणूस आणि आपण एका ओळीसाठी थांबलेलो, याची मला रात्री झोप लागायची नाही. मधे एकदा ते पडले, दोन आठवडे दवाखान्यात होते. संग्रहाकडून पत्र आलं ते नमुना क्रमांक बदलल्याचं.

पाचव्या महिन्यात दुसऱ्या एका मौखिक इतिहासवाल्या बाईंनी सांगितलं, हक्क द्यायची गरजच नाही. हक्क बोलणाऱ्याकडे ठेवून संग्रहाला फक्त जपायची आणि ऐकवायची परवानगी देता येते, असे परवानापत्राचे नमुने कितीतरी ठिकाणी वापरात आहेत. मी तसा मजकूर आयता लिहून पाठवला. बदल करा अशी विनवणी करण्यापेक्षा तयार मसुदा पुढे ठेवला की हलतात. दीड महिन्यात होकार आला.

म्हणून कळकळीनं सांगते, संमतिपत्र मुलाखतीच्या आधी वाचून घ्या, स्वतः आणि त्या माणसासोबतही. मुलाखतीत गाणं वाजवलं असेल तर ते कुणाचं, कुणाकडून शिकलात, हेही रेकॉर्डिंगमध्येच विचारून ठेवा, नंतर संग्रहवाले त्याचाही कागद मागतात. आणि हो, स्वयंपाकघरात बसणार असाल तर फ्रिज बंद करा, त्याची घरघर काढून टाकता येत नाही. गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना तो परत सुरू करायची आठवण राहते. फाइल एमपीथ्रीत नको, त्यात आवाज दाबला जातो; वेव्ह (WAV) प्रकारातच घ्या.

सहीच्या दिवशी आजोबांनी नवा कागद चाळीस मिनिटं वाचला. हक्काच्या ओळीवर बोट नेलं, स्वतःचं नाव दिसलं, मग पेन मागितलं. सही थरथरत आली, पण पूर्ण नावानं. त्यांच्या प्रतीची घडी घालून त्यांनी ती बँजोच्या पेटीत, सुट्या तारांच्या पाकिटाखाली ठेवली.