चौथा भिडू

८ जानेवारी, गुरुवार. सकाळी साडेनऊच्या सुमाराला लॅबमधून रिपोर्ट आले. अप्पांच्या कागदावर न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ७०० होते. आमच्याकडे ते १५००च्या खाली असले की केमो लावत नाहीत. डॉक्टरांनी कागद पाहिला, ‘पुढच्या गुरुवारी’ असं लिहिलं, आणि अप्पांना सांगायचं काम माझ्याकडे आलं.

मी नाशिकच्या एका हॉस्पिटलमध्ये केमो डे-केअरची नर्स आहे. अकरा वर्षं झाली. चौदा खुर्च्या, चार खाटा. काउंट कमी आले म्हणून पेशंटला परत पाठवणं हे या कामातलं मला सर्वांत नकोसं काम. माणूस रात्रभर मनाची तयारी करून आलेला असतो. केमो नको असते हे खरं, पण ‘आज नाही’ ऐकलं की रडू फुटतं; सगळं एक आठवडा लांबलं, एवढंच डोक्यात राहतं.

अप्पा लासलगावचे, कांद्याचे अडते. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, “सातशे? एवढा तर खराब मालाचासुद्धा भाव पडत नाही.” मी त्यांना नेहमीच्या सूचना दिल्या. गर्दीत जायचं नाही, कच्चं काही खायचं नाही, ताप १००.४च्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी फोन करून निघायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीकडच्या तीन खुर्च्यांकडे पाहून म्हणाले, “सिस्टर, ते समदं करतो. पण आज डावाचं काय?”

हा डाव दिवाळीनंतर सुरू झाला होता. चार पुरुष, तिघं मोठ्या आतड्याचे आणि एक जठराचा. चौघांचीही केमो दर १४ दिवसांनी. डे-केअरमध्ये दोन तास ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालतं, मग छातीतल्या पोर्टला (औषध देण्यासाठी कातडीखाली कायमची बसवलेली डबी) एक छोटी बाटली जोडून घरी पाठवायचं. बाटलीच्या आत फुगा असतो, तो आकसत आकसत ४६ तास औषध सोडत राहतो. पेशंट तिला ‘दुधाची बाटली’ म्हणतात, कारण दिसते तशीच. औषध पोर्टमधून जातं म्हणून दोन्ही हात मोकळे. आणि मोकळ्या हातांनी दोन तास नुसतं छताकडे बघत बसायचं, हे एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर राहिलेल्या काकांना जमणारं नव्हतं. तिसऱ्या वेळेला त्यांनी पिशवीतून पत्ते काढले.

पत्ते बघून आमच्या इन्चार्ज सिस्टर आधी नाहीच म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. चार जणांच्या हातांत फिरलेले कागदी पत्ते, त्यात प्रत्येकाची प्रतिकारशक्ती उतरलेली. शेवटी धुता येणारे प्लॅस्टिकचे पत्ते आले, आणि प्रत्येक डावानंतर ते स्पिरिटने पुसायचे असं ठरलं. खेळायच्या आधी हात धुवायचे. ज्याला खोकला असेल त्याने त्या दिवशी नुसतं बघायचं. तारखांचीही जुळवाजुळव केली. चौघांतल्या मास्तरांचा वार शुक्रवार होता. डॉक्टरांना विचारलं, एक दिवस इकडेतिकडे चालतं म्हणाले, आणि मास्तर गुरुवारात आले.

ऑक्झॅलिप्लॅटिनची एक खोड आहे: थंड सोसत नाही. थंड पाणी प्यायलं की घसा आवळल्यासारखा होतो, गार वस्तूला हात लागला की बोटांत सुया टोचतात. निफाडचे द्राक्षवाले दादा या चौघांतले एक. निफाडची थंडी ज्याला माहीत आहे त्याला मी काय म्हणते ते कळेल. डिसेंबरात तिथे बागांमधून पहाटे शेकोट्या पेटवतात, द्राक्षांना थंडीचा फटका बसू नये म्हणून. दादा सांगायचे, “औंदा शेकोटी बागंसाठी का माझ्यासाठी, तेच कळंना.” स्टीलच्या तांब्याला हात लावायची सोय नाही, मोटारसायकलचं हँडल धरायचं तर दोन हातमोजे. केमोच्या पाच-सहा फेऱ्यांनंतर बोटांची टोकं कायमच बधिर होऊ लागतात. पत्ते पंख्यासारखे धरता येईनात. मग काकांच्या नातवाने लाकडी ठोकळ्यांना करवतीने खाचा पाडून दिल्या, त्यात पत्ते उभे लावायचे. असे चार ठोकळे आमच्या ड्रेसिंग ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात ठेवलेले असतात.

त्या गुरुवारी चौथा ठोकळा तसाच राहिला. अप्पा घरी निघाले. काका, दादा आणि मास्तर बसले होते, आणि मेंढीकोटाला, म्हणजे दश्श्या जिंकायच्या या खेळाला, चार माणसं लागतात. दादांच्या मुलाला खेळ येत नव्हता. काका मला म्हणाले, “सिस्टर, तुम्ही बसा की.” कामावर असताना मला बसता येत नाही. मग त्यांनी एसटीतल्या आवाजात हाक दिली, “एक सीट रिकामी आहे! चौथा भिडू कोण?”

कोणी काही बोललं नाही. मी नऊ नंबरच्या खुर्चीवर एका ताईचं बीपी बघत होते. वय चौतीस, सिन्नरकडची. स्तनाचा कॅन्सर, डाव्या बाजूचं ऑपरेशन झालेलं. लाल रंगाच्या केमो औषधाचे चार डोस संपले होते, त्या दिवशी पॅक्लिटॅक्सेल या पुढच्या औषधाचा पहिला. लाल औषध आम्ही हाताने देतो, चालू सलाईनमधून हळूहळू, शेजारी बसून, कारण शिरेबाहेर गेलं तर चामडी जाळतं. म्हणजे त्या चार वेळांना मिळून मी या ताईशेजारी तासभर तरी बसले असेन. त्या तासात तिच्याकडून ‘हो’ आणि ‘नाही’ यांपलीकडे काही ऐकलं नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून पडायची. तिची आई सोबत यायची आणि दर थोड्या वेळाने म्हणायची, “हसत राहा गं बाळा. मन प्रसन्न पाहिजे, तरच औषध लागू पडतं.”

हे मला फार खटकतं, आणि मी नातेवाइकांना तसं सांगतेही. हसण्याने गाठ विरघळत नाही. आणि एखादीला हसू आलं नाही म्हणून तिचं औषध वाया जात नाही. आई प्रेमाने म्हणते, पण पेशंटला ऐकू येतं ते असं की तू रडलीस तर बरी होणार नाहीस आणि चूक तुझी असेल. ओकारी, केस, पैसा, घरी ठेवून आलेलं मूल, या सगळ्यावर आता चेहरा हसरा ठेवायची ड्युटीसुद्धा तिचीच.

तर काकांची हाक झाली आणि भिंतीकडचं तोंड न वळवता ती म्हणाली, “बंद हुकूम खेळता की कट हुकूम?”

काकांनी उत्तर दिलं, “बंद.”

“मग बसते.”

मी तिला लगेच बसू दिलं नाही. पॅक्लिटॅक्सेलची रिॲक्शन आली तर बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांत येते. छाती भरून येते, चेहरा लाल होतो. मी म्हणाले, “अर्धा तास जाऊ द्या.” तिघांनी अर्धा तास डाव थांबवून ठेवला. दर पाच मिनिटांनी दादा विचारत होते, “सिस्टर, झाला का अर्धा तास?” अर्ध्या तासाने बीपी, नाडी, ऑक्सिजन सगळं नीट होतं. आम्ही तिची खुर्ची सलाईनच्या स्टँडसकट ढकलत खिडकीशी नेली. ऑपरेशनच्या बाजूला सुई लावत नाही, म्हणून सुई उजव्या हाताला. तो हात उशीवर ठेवून मी बजावलं, हा हलवायचा नाही. पत्ते ठोकळ्यात, पानं टाकायची डाव्या हाताने.

काका आणि ती भिडू, समोर मास्तर आणि दादा. काकांनी पिसले, वाटले, आणि तोंडानेच डबल बेल दिली, टिंग-टिंग. मास्तरांनी एक पान पालथं ठेवून हुकूम बंद केला. पहिले तीन-चार हात साधेच गेले. मग मास्तरांनी चौकटचा एक्का उतरला. काकांनी बारीक पान दिलं. दादांना वाटलं हात आपलाच, त्यांनी भिडूच्या एक्क्यावर चौकटची दश्शी ठेवली, तीही ऐटीत. आता हिची पाळी. हिने ठोकळ्याकडे पाहिलं. चौकट नव्हती.

“हुकूम उघडा,” ती म्हणाली.

मास्तरांनी पान उलटलं. इस्पिक. हिने डाव्या हाताने इस्पिकची दुरी काढली आणि ट्रेवर अशी आपटली की पाण्याचा ग्लास हलला. दुरीने दश्शी मारली! काका खुर्चीतून अर्धे उठले. दादा कपाळाला हात लावून “अरारारा” करत बसले. आणि ती हसत होती, मोठ्याने, मान मागे टाकून. तेवढ्यात तिची आई औषधांचं बिल भरून दारातून आत आली. बघितलं आणि ओरडली, “अगं ए, हळू! सुई निघेल ना! काय धसमुसळेपणा हा!”

त्या माउलीने मुलीला साधं रागावलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. इतके महिने ती तिच्याशी काचेचं भांडं उचलल्यासारखी बोलत होती.

पण त्या खोलीत फक्त हाच आवाज नव्हता. दोन नंबरच्या खाटेवर एक गृहस्थ होते. त्यांची केमो पुढे चालवायची नाही, असं त्याच सकाळी ठरलं होतं. पोटातलं पाणी काढण्यापुरते ते आले होते. त्यांची बायको पडद्यामागून आली आणि मला म्हणाली, “इथं माणसं कशातनं चाललीत, आणि तुम्ही जत्रा भरवलीय.” मी तिला समजवायला गेले नाही. काय समजावणार होते? तिच्या जागी मलाही तसंच वाटलं असतं. मी माफी मागितली, गृहस्थांची खाट कोपऱ्यातल्या खोलीत हलवायची सोय केली आणि तिच्याजवळ थोडा वेळ उभी राहिले. तिचा राग गेला नाही. आजही त्या बाईंसमोर मी तो खेळ बरोबर ठरवू शकणार नाही, आणि तरी पुढच्या गुरुवारी पत्ते काढू देईन.

काकांनी ते ऐकलं होतं. मी परत आले तेव्हा चौघांनी पत्ते पालथे ठेवले होते. काका म्हणाले, “बंद करू का सिस्टर?” मी म्हटलं, हळू आवाजात खेळा. मग अर्धा तास ते जवळजवळ मुक्यानेच खेळले. भुवया, बोटं, डोळे. भिडूला खुणा करणं हा खरं तर नियमभंग, पण त्या दिवशी दोन्ही बाजूंना माफ होता.

काकांचं दुखणं यकृतात पसरलेलं आहे. आम्ही जे देतो ते दुखणं आवरून धरण्यासाठी, आणि हे त्यांना स्पष्ट सांगितलेलं आहे. त्यांनीच विचारलं होतं. मी एकदा बाटली जोडताना ते आपणहून म्हणाले, “घरी सगळे माझ्याशी तब्येतीचंच बोलतात. इथं मास्तर मला शिव्या देतो, चुकीचं पान टाकलं म्हणून.” मला वाटतं डावातून त्यांना हवं होतं ते हेच. पान चुकलं तर कोणीतरी दया न दाखवता चिडावं.

डाव संपला तेव्हा तीन दश्श्या काका आणि ताईकडे, एक समोर. चारही एका बाजूला आल्या असत्या तर मेंढीकोट; तो झाला नाही. एकदा तर झाला असता, पण ऐन वेळी हिचा पंप हवा आली म्हणून वाजायला लागला आणि मी नळी मोकळी करेपर्यंत काका आपलं पान विसरले. हरलेल्यांनी चहा द्यायचा होता, तो दादांच्या मुलाने कँटीनमधून आणला. गुळाचा, कडक गरम.

निघताना ताईने काकांना विचारलं, “पुढचा कधी?” तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. हिची केमो २१ दिवसांनी, यांची १४. आयुष्यभर तिकिटांचा हिशेब केलेल्या काकांनी बोटांवर मोजलं. “तुझं २९ जानेवारी. आमचं २२, मग ५ फेब्रुवारी. चुकतंय. बेचाळिसाव्या दिवशी जुळतंय. १९ फेब्रुवारी.” मास्तर म्हणाले, “शिवजयंती. सुट्टी असते.” ताईने माझ्याकडे पाहिलं. मला सांगावं लागलं की मास्तरांसाठी एक दिवस सरकवला तसा आठवडा सरकवता येत नाही. तिची केमो आजार मुळातून काढायसाठी चालली आहे, तिथे उशीर नको असतो. तिने मान हलवली. मग एकदम म्हणाली, “आज जे परत गेले ते कधी येणार?”

“अप्पा? पुढच्या गुरुवारी, १५ला. आणि मग...” मी मोजलं. “मग २९ला.”

१५ तारखेला अप्पांचे काउंट २४०० आले. केमो लागली. पत्ते कपाटातच राहिले, भिडूच नव्हते. मी त्यांना दुरीची गोष्ट सांगितली. त्यांनी ती दोनदा सांगायला लावली.

२९ला ताई आली ती पर्समधून स्वतःचे पत्ते काढतच, प्लॅस्टिकचे, पाकीट न फोडलेलं. आई मागून पाण्याची बाटली घेऊन. अप्पा आधीच खिडकीशी बसले होते, दोन ठोकळे मांडून. त्यांनी चष्मा वर करून तिच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, “सिस्टर, दुरीवाली ती हीच का?”