थ्रॉटल जागेवर राहीना: खेड्यातून वॉरंटी मिळवण्याचा माझा अनुभव

घरच्या कॉम्प्युटरवर, फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, नागपूरच्या धावपट्टी ३२ वर सेसना १७२ हे छोटं विमान उतरवायचं तर शेवटच्या टप्प्यात वेग ६५ नॉटच्या आसपास धरावा लागतो. त्यासाठी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी लिव्हर, जिथे ठेवला तिथेच राहिला पाहिजे. माझा राहत नव्हता. हात स्थिर, लिव्हर स्थिर, आणि पडद्यावर इंजिनाचे फेरे (आरपीएम) १५०० वरून १८०० वर उडी मारून परत खाली. स्टिक, थ्रॉटल आणि पेडलचा सेट घेऊन सहावा महिना चालू होता, वॉरंटी दोन वर्षांची होती. पण सर्व्हिस सेंटर दुसऱ्या राज्यात आणि मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात. चांगला थ्रॉटल हातात पडायला अकरा आठवडे लागले. पहिल्याच ईमेलमध्ये दोष पुराव्यासकट मांडला असता तर त्यातले निम्मे तरी वाचले असते. म्हणून सगळा क्रम तपशिलात लिहीत आहे.

आधी दोष यंत्रात आहे की घरात, हे ठरवावं लागतं. आपल्याकडे बऱ्याच घरांत अर्थिंग नावापुरतंच असतं आणि चार्जरची तीन पिनांची वायर दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये खोचलेली असते. अर्थ नसला की चार्जरच्या फिल्टरमधून गळणारा बारीकसा प्रवाह लॅपटॉपच्या बॉडीवर आणि यूएसबीच्या ग्राउंडवर येतो. हाताला झिणझिण्या लागतात आणि अ‍ॅक्सिसचे (लिव्हर किंवा स्टिक किती सरकली ते सांगणारे) आकडे थरथरतात. चाचणी सोपी आहे: चार्जर काढा, बॅटरीवर चालवा, तेच आकडे पुन्हा बघा. थरथर थांबली तर कंपनीला लिहून उपयोग नाही, खोलीचं अर्थिंग करून घ्या.

दुसरी तपासणी यूएसबीची. स्टिक, थ्रॉटल आणि पेडल ही तिन्ही एकाच साध्या हबवर लावली तर तिघांना मिळून ५०० मिलीअँपियरच मिळतात, कारण यूएसबी २.० चा एक पोर्ट तेवढाच देतो. दिवे असलेला थ्रॉटल अशा वेळी मध्येच तुटतो आणि पुन्हा जोडला जातो. उन्हाळ्यात कूलरचा पंप आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर असले तर पंप सुरू होताक्षणीही हेच होतं. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा आणि वायर थेट लॅपटॉपला लावा. एवढं करूनही अडचण राहिली तरच पुढे जा. जोडणी तुटणं आणि अ‍ॅक्सिस थरथरणं हे दोन वेगळे आजार आहेत. तक्रारीत दोन्ही एकत्र लिहिले की समोरचा माणूस सोपा पकडतो आणि ‘पोर्ट बदलून बघा’ म्हणून तक्रारीची नोंद (तिकीट) बंद करतो.

यानंतर कच्चे आकडे बघायचे. विंडोज आणि आर दाबून ‘जॉय डॉट सीपीएल’ (joy.cpl) चालवा, प्रॉपर्टीजमधून कॅलिब्रेशनमध्ये जा आणि कच्चा डेटा दाखवण्याच्या चौकटीवर टिक करा. लिनक्सवर हेच काम जेएसटेस्ट करतं. सिम्युलेटरच्या सेटिंगमधला पट्टा बघून काही कळत नाही, तिथे डेडझोन आणि कर्व्ह, म्हणजे आकडे बदलून दाखवणाऱ्या सेटिंग, लागलेल्या असतात. माझा थ्रॉटल १० बिटचा, म्हणजे ० ते १०२३. दोन्ही टोकांना आकडा स्थिर होता. मधे, ४०० ते ४६० या पट्ट्यात, लिव्हरला हात न लावता आकडा साठ-सत्तरने उड्या मारत होता. १०२३ मधले दहा म्हणजे एक टक्का. दोन-तीन अंकांची थरथर लिव्हरची जागा मोजणाऱ्या कुठल्याही पोटेन्शिओमीटरला (पॉटला) असते. सत्तर म्हणजे सात टक्के, हा दोषच आहे.

तो पट्टाच का, याचं कारण थ्रॉटलच्या आत आहे. पोटेन्शिओमीटरमध्ये कार्बनचा थर असतो आणि त्यावर धातूची बारीक पट्टी घासत फिरते. उतरताना हात बराच वेळ ज्या जागेवर असतो आणि मिलिमीटरभर पुढे-मागे करत राहतो, तिथेच कार्बन आधी झिजतो. त्यात आपल्याकडे वेचलेला कापूस भाव येईपर्यंत घरातच पडून असतो. त्याचे तंतू लिव्हरच्या फटीतून आत जातात, लिव्हर जड राहावी म्हणून लावलेल्या ग्रीसला चिकटतात, आणि मे महिन्यात ४५ अंशांना ग्रीस पातळ झालं की ते मिश्रण ओघळून थरावर येतं. हे मला पुढे, वॉरंटी संपलेला एक जुना थ्रॉटल उघडल्यावर डोळ्यांनी दिसलं. वॉरंटीतलं यंत्र मात्र उघडू नका. स्क्रूवरचं स्टिकर फाटलं की बोलणं तिथेच संपतं.

माझा पहिला ईमेल दोन ओळींचा होता: थ्रॉटल नीट चालत नाही, बदलून द्या. उत्तरात ठरलेली यादी आली: ड्रायव्हर काढून टाका, पुन्हा घाला, दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा. प्रत्येक उत्तराला चार-पाच दिवस. असे तीन आठवडे गेले. शेवटी पाठवण्याची परवानगी मिळाली तर कुरिअरच्या साइटवर आमच्या पिनकोडला पिकअपच नाही. पंचवीस किलोमीटरवर तालुक्याला नेऊन द्यायचं म्हटलं तर भाडं व्हॉल्युमेट्रिक, म्हणजे खोक्याच्या आकारावरून काढलेल्या, वजनावर. मूळ खोकं ४५ बाय ४० बाय २५ सेंटिमीटरचं. त्यांचा गुणाकार ४५,०००, त्याला ५,००० ने भागलं की ९ किलो. वस्तू खरी तीन किलोचीही नव्हती. मी थ्रॉटल तेवढा काढून लहान खोक्यात बांधला आणि गावच्या पोस्टातून स्पीड पोस्टने पाठवला. पोस्ट प्रत्येक पिनकोडला जातं, पावतीवर वजन आणि तारीख येते, आणि ही पावती पुढे कामी आली. बांधताना लिव्हर मधल्या जागेवर ठेवून दोन्ही बाजूंना थर्माकोल दाबून बसवा. लिव्हर टोकाला असली आणि खोकं आपटलं तर तिला टोकाला अडवणारा आतला भाग तुटतो आणि ‘ग्राहकाने तोडलं’ असा शेरा येतो.

एकविसाव्या दिवशी थ्रॉटल परत आला. सोबत चिठ्ठी: तपासणीत दोष आढळला नाही.

राग आला, पण विचार केल्यावर कारण कळलं. तपासणारा माणूस यंत्र लावतो, कॅलिब्रेट करतो, लिव्हर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा सरकवतो. माझा दोष एका बोटभर पट्ट्यात आणि लिव्हर थांबलेली असतानाच दिसणारा. सरकत्या लिव्हरमध्ये सत्तर अंकांची उडी लपून जाते. त्याला कुठे बघायचं हे मी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या वेळी मी चाळीस सेकंदांचा एकच सलग व्हिडिओ केला, कुठेही न कापता. सुरुवातीला यंत्राखालचा अनुक्रमांक आणि बिल, मग चार्जर काढलेला लॅपटॉप, मग कच्च्या आकड्यांची खिडकी आणि लिव्हर एकाच चौकटीत, लिव्हरवरून हात बाजूला, आणि ४०० ते ४६० मध्ये उड्या मारणारा आकडा. ईमेलमध्ये पाच गोष्टी लिहिल्या: कोणता अ‍ॅक्सिस, कोणत्या पट्ट्यात, किती अंकांची उडी, किती पोर्ट आणि किती कॉम्प्युटरवर तपासलं, बॅटरीवर तपासलं का. लिव्हरच्या बाजूला पेन्सिलने दोन खुणा केल्या आणि ‘लिव्हर या खुणांच्या मध्ये थांबवून बघा’ अशी चिठ्ठी चिकटवली. असं लिहिलं की ड्रायव्हरची यादी पाठवणाऱ्याला तिकीट पुढे तांत्रिक माणसाकडे द्यावंच लागतं.

त्याच ईमेलमध्ये, आवाज न चढवता, कायद्याच्या दोन ओळी घातल्या. ऑनलाइन खरेदीसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. विक्री करणाऱ्या संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो, त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निकाल द्यायचा असतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे मला यवतमाळला. कंपनीच्या गावी जायची गरज नाही. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि मुदत दोन वर्षांची. आयोगात जायच्या आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. मी तिथे नोंद करून क्रमांक ईमेलमध्ये टाकला. आयोगापर्यंत जावं लागलं नाही. नऊ दिवसांत बदली थ्रॉटल निघाल्याचा संदेश आला.

बदली यंत्र बऱ्याचदा नवं नसतं, दुरुस्त केलेलं असतं. म्हणून खोकं फोडतानाच व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी सगळे अ‍ॅक्सिस, सगळी बटणं कच्च्या आकड्यांवर तपासा. वॉरंटी मूळ खरेदीच्या तारखेपासूनच चालते की नव्याने, हेही लेखी विचारून घ्या. माझी मूळ तारखेपासूनच चालली. नवा अनुक्रमांक बिलावर नसतो, म्हणून बदलीचा ईमेल आणि जुनं बिल एकत्र जपून ठेवा.

याच्या अगदी उलट अनुभव दुसऱ्या, परदेशातल्या एका छोट्या उत्पादकाचा. स्टिकच्या पायातली स्प्रिंग तुटली, फोटो पाठवला, तिसऱ्या दिवशी उत्तर: यंत्र पाठवू नका, स्प्रिंग पाठवतो, बदलायची रीत ही. यंत्र परदेशी पाठवणं म्हणजे जातानाचं भाडं, येताना कस्टमची कागदपत्रं आणि बदली मालावर ड्युटी लागण्याची भीती. लहान सुटा भाग मागितला तर हे सगळं टळतं. असा भाग पाठवताना पाकिटावर ‘वॉरंटीतला सुटा भाग’ असं आणि खरी किंमत लिहायला सांगा, ओळखपत्राची प्रत तयार ठेवा. आता कोणतीही वस्तू घेण्याआधी मी कंपनीला एकच प्रश्न विचारतो: सुटे भाग विकता का आणि भारतात पाठवता का? उत्तर किती दिवसांत येतं यावरून पुढच्या सेवेचा अंदाज येतो. जुनं सायटेकचं यंत्र सेकंडहँड घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तो ब्रँड २०१६ मध्ये लॉजिटेकने घेतला, त्यामुळे ड्रायव्हर तिकडे शोधावे लागतात.

वॉरंटी संपलेल्या यंत्राचं काम मात्र घरी होतं. पहिला उपाय कॉन्टॅक्ट क्लीनर. गाडीच्या बिजागरीला मारायचा तेलकट स्प्रे नको, त्याचा थर राहतो आणि धूळ धरून ठेवतो. क्लीनर पॉटच्या फटीत मारून लिव्हर पन्नासेक वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा. झिजलेल्या कार्बनला याने आठ-पंधरा दिवसांचाच आराम मिळतो. पॉट बदलायचा तर आधी मल्टिमीटरने मोजा. बहुतेक वेळा १० किलोओहम निघतो. दुकानात बी१०के मागा. ए१०के दिला तर तो आवाजाच्या बटणासाठीचा असतो, अर्ध्या लिव्हरला अर्धी पॉवर मिळत नाही.

मी पॉट काढून हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओळखणारा सेन्सर, बसवला. त्यात काहीच घासत नाही. नागपूरला बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारात ४९ई नावाचा तीन पायांचा सेन्सर आणि पाच मिलिमीटर व्यासाची दोन नियोडिमियम चुंबकं मिळाली. इथे हमखास चुकतं ते पायांच्या क्रमात. पॉटचा मधला पाय सिग्नलचा असतो. ४९ईचा छापील भाग आपल्याकडे धरला तर डावा पाय पुरवठा, मधला ग्राउंड, उजवा सिग्नल. पॉटच्या वायरी तशाच क्रमाने लावल्या तर सेन्सर गरम होऊन जातो. माझा पहिला असाच गेला, म्हणून निदान तीन आणा. पुरवठा आधी मोजा: ३.३ व्होल्ट असो की ५, सेन्सर चालतो. चुंबक दूर असताना सिग्नलवर पुरवठ्याच्या निम्मे व्होल्ट दिसले पाहिजेत. दोन्ही चुंबकं फिरत्या दांड्याच्या टोकावर, सेन्सरच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांना ओढतील अशी बसवा. तरच मधलं चुंबकीय क्षेत्र सारखं राहतं आणि लिव्हरच्या हालचालीशी आकडे सरळ रेषेत चालतात. लिव्हर मध्यावर असताना सेन्सरचा छापील चेहरा चुंबकांकडे नाही, त्यांच्या काटकोनात हवा. दोन्ही बाजूंना ४५ अंशांपेक्षा जास्त फिरत असेल तर टोकांना हालचाल मंदावल्यासारखी वाटते. चिकटवायला अराल्डाइट वापरा. हॉट ग्लू मे महिन्यात नरम पडतो आणि चुंबक केसभर सरकलं तरी मध्य हलतो.

सेन्सरचा सिग्नल पूर्ण ० ते १०२३ जात नाही, माझा २१० ते ८२० इतकाच येतो. कॅलिब्रेशन केलं की सिम्युलेटरला तो पूर्ण दिसतो. लिव्हर थांबवली तर आकडा दोनच्या वर हलत नाही. चुंबक आणि सेन्सर दोन्ही उष्णतेने थोडे बदलतात, त्यामुळे जानेवारीत केलेलं कॅलिब्रेशन मे महिन्यात चार-पाच अंकांनी सरकलेलं असतं. खोली तापलेली असताना, दुपारी, एकदा पुन्हा करून घ्यावं लागतं. आणि कापूस घरात असेपर्यंत लिव्हरच्या फटीवर जुन्या सुती धोतराची पट्टी आतून चिकटवून ठेवतो. रोज झटकली तर तंतू आत जात नाहीत.