चष्म्याच्या काडीवरचं चार मिलिमीटरचं पान

फ्रेमचा आकार ठरला, रंग ठरले, बिजागऱ्याही निवडून झाल्या होत्या. लोगो मी शेवटी ठेवला होता. एक छोटं पान, त्यात पाच शिरा, शेजारी नाव. फाइल पाठवली की कारखानेवाले बघतील, अशी माझी समजूत होती. फाइल पाठवल्यावर त्यांनी उलट विचारलं, "छापायचा, कोरायचा, ठशाने दाबायचा की धातूचा बसवायचा?" पुढचे दोन महिने मी याच प्रश्नावर होते.

आमची काडी बिजागरीपाशी जेमतेम सहा मिलिमीटर रुंद. कडांची गोलाई सोडली तर लोगोला चार मिलिमीटर उंची मिळते. स्क्रीनवर सुरेख दिसणाऱ्या त्या पानाच्या शिरा एवढ्या उंचीला केसासारख्या झाल्या. तेव्हाच पान नव्याने काढायला हवं होतं. ते काढलं, पण तीन नमुने वाया गेल्यावर.

पहिल्यांदा पॅड प्रिंटिंग करून पाहिलं. स्टीलच्या पट्टीत लोगो अगदी उथळ कोरलेला असतो. त्यात शाई भरतात, पात्याने वरची शाई पुसून घेतात. मग सिलिकॉनचा मऊ गोळा खाली येतो, खाचेतली शाई उचलतो आणि काडीवर टेकवतो. गोळा दबतो, म्हणून वळणदार काडीवरही छाप नीट उमटते. शिरासुद्धा स्पष्ट आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी अंगठ्याने जोर लावून घासलं तर पानाचं टोक निघून आलं. मी वैतागून फोन केला. मशीनवरच्या काकांनी शांतपणे सांगितलं, "ताई, शाईत हार्डनर आहे. हाताला सुकी लागली म्हणजे ती पक्की झाली असं नाही, तिला चार-पाच दिवस द्या." त्यांचं खरं होतं. आठवड्याने तीच छाप कोरड्या कापडाला दाद देईना. पण स्पिरिट लावलेल्या कापडाने पन्नासेक वेळा पुसल्यावर कडा फिकट झाल्या. चष्मा तर लोक रोज पुसतात, हाताशी जे असेल त्याने पुसतात.

लेझरचा निकाल लवकर लागला. आमच्या स्टीलच्या फ्रेमवर काळा रंग आहे. लेझरने तेवढ्या जागेचा रंग उडतो आणि खालचं चकचकीत स्टील दिसतं. शाई नाही, म्हणून शाई निघण्याचा प्रश्नच नाही. इथे एक मात्र नक्की विचारून घ्यावं: रंगाखाली कोणता धातू आहे? स्टेनलेस स्टील उघडं पडलं तर चालतं. तांबं-निकेलच्या मिश्रधातूवर घामाने हिरवट थर धरतो, शिवाय निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांना त्रास होऊ शकतो. आमच्या दुसऱ्या फ्रेम ॲसिटेटच्या, म्हणजे चष्म्यांसाठी वापरतात त्या प्लास्टिकच्या; त्यांवर मात्र लेझर मला पटलं नाही. काळ्या काडीवर ते ओरखड्यासारखं दिसलं. कासवपाठी नक्षीच्या काडीवर तर पान गडद ठिपक्यावर दिसायचं आणि फिक्या भागात हरवायचं.

मग फॉइलचा ठसा. तापलेला धातूचा ठसा सोनेरी फॉइलवरून ॲसिटेटवर दाबतात. ऊब कमी पडली तर सोनं तुटक उतरतं, जास्त झाली तर अक्षराच्या कडेने ॲसिटेट फुगतं. शिरा यात साफ बुजल्या. पण नाव सुंदर आलं आणि ते पृष्ठभागाच्या किंचित खाली बसलं, त्यामुळे कापड थेट त्यावर घासत नाही. काडीच्या आतल्या बाजूसाठी मला हेच हवं होतं.

बाहेरच्या बाजूला धातूचं पान बसवायचं ठरत आलं होतं. खरी मेहनत इथे पडली. खाच कधी कोरायची यावर सगळं अवलंबून असतं. ॲसिटेटच्या काड्या लाकडी तुकड्यांबरोबर ड्रममध्ये कित्येक तास फिरवून गुळगुळीत करतात. आमच्या पहिल्या नमुन्यात खाच त्याआधी कोरली होती. तिच्या कडा झिजून गोल झाल्या आणि पानाभोवती बारीक फट राहिली. दुसऱ्या वेळी खाच ड्रमनंतर कोरली. फट गेली, पण पान नुसतं गोंदावर होतं. फिटिंगसाठी काडी गरम केली तेव्हा त्याचं एक टोक उचललं. शेवटी पानाच्या मागे दोन बारीक खिळे घेतले. तेही काडीच्या आतली धातूची तार चुकवून, म्हणून पान किंचित सरकवावं लागलं.

घामाची चाचणी मी आग्रहाने करून घेतली. फ्रेमसाठीच्या आयएसओ १२८७० मानकात ती आहे: मीठ आणि लॅक्टिक आम्लाचा कृत्रिम घाम बंद भांड्यात ठेवून, त्यावर फ्रेम टांगून ५५ अंश सेल्सिअसला २४ तास. फॉइल टिकलं. पानाच्या एका मुलाम्यावर डाग पडले, तो पुरवठादार बदलला.

आता स्टीलच्या फ्रेमवर लेझर आहे. ॲसिटेटला बाहेर बिनशिरांचं धातूचं पान, आत फॉइलमध्ये नाव आणि माप, ५२-१८-१४० (भिंगाची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी आणि काडीची लांबी, मिलिमीटरमध्ये). पहिला माल आला त्या दुपारी मी प्रत्येक पानाच्या कडेवरून नख फिरवून पाहिलं. दोन काड्यांवर नख अडलं. त्या दोन्ही वेगळ्या काढून परत पाठवल्या.